पहिलीच बिअर थेट धान्यापासून करावी की एक्स्ट्रॅक्टपासून?

धागाकर्ता
घरी बिअर करू पाहणाऱ्याला हमखास सांगितलं जातं: आधी माल्ट एक्स्ट्रॅक्टचा, म्हणजे माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) काढून आटवलेल्या तयार गोड पाकाचा डबा घे, हात बसला की धान्याकडे वळ. मला हे पटत नाही. पिशवीच्या पद्धतीने, म्हणजे माल्ट जाळीदार पिशवीत घालून गरम पाण्यात भिजवून, पहिल्याच खेपेला धान्यापासून बिअर जमते. 10 लिटरला साधारण अडीच किलो भरडलेला माल्ट, 15 लिटर पाणी, 20 लिटरचं पातेलं, जाळीदार पिशवी आणि थर्मामीटर, बस्स. माल्ट पडल्यावर तापमान 66 अंशांवर स्थिरावलं पाहिजे, मग तासभर झाकून ठेवायचं. मधेमधे चमचाभर चाखा. सुरुवातीचं पिठूळ पाणी बघता बघता गोड होतं. माल्टमधली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात, ती ही. डब्यात हा भागच हातचा जातो.

यीस्ट आधी
साफ असहमत. आपण फक्त वॉर्ट (आंबवण्याआधीचं गोड पाणी) करतो, बिअर यीस्ट करतं. नवशिक्याची बिअर बहुधा वॉर्ट उकळून झाल्यावर बिघडते: भांडी नीट निर्जंतुक नसतात, वॉर्ट गरम असतानाच यीस्ट पडतं, फर्मेंटर (आंबवायचं भांडं) तापतो. एल या बिअरच्या प्रकाराच्या बहुतेक यीस्टला 18 ते 20 अंश मानवतात. तेच 27 वर गेलं तर जळजळीत, स्पिरिटसारखी चव येते आणि ती पुढे काढता येत नाही. धान्याचा दिवस पाच-सहा तासांचा. दमलेला माणूस नेमका शेवटच्या स्वच्छतेत ढिला पडतो. शिवाय चव बिघडलीच, तर दोष मॅशचा (माल्ट गरम पाण्यात भिजवण्याचा) की आंबवण्याचा, हे त्याला कळणार कसं?

धागाकर्ता
तापमानाचं शंभर टक्के मान्य. पण मॅशचा बाऊ नको. 64 अंशांना बिअर जरा कोरडी होईल, 69 ला अंगाने भरलेली, दोन्ही पिण्याजोग्या. आणि द्रव एक्स्ट्रॅक्ट जुना असेल तर रंग गडद होतो, चव शिळी लागते. तो दोष नवशिक्या स्वतःच्या माथी मारून घेतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

भरड
मी धान्याच्या बाजूने, पण भरडीबद्दल कुणी बोललंच नाही! साखर कमी उतरली तर आधी माल्ट मुठीत घेऊन बघा. अख्खे दाणे दिसले तर तिथेच घोडं अडलंय. पिशवीत भरड बारीक चालते, कारण टरफलांच्या थरातून गाळायचं नसतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरिनही आधी घालवा, नाहीतर औषधासारखा वास येतो. एक्स्ट्रॅक्टवाल्यांनाही हे लागू आहे. आणि सुरुवात 5 लिटरनेच करा, तेवढं पातेलं लवकर निवतं.

यीस्ट आधी
5 लिटरचं पटलं. तरी माझी एक अट आहे. माल्ट आणण्याआधी फर्मेंटर जिथे ठेवणार तिथलं तापमान दिवसा-रात्री मोजा. जोरात आंबताना आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंश चढतं, म्हणून पहिले तीन दिवस ते आवरता आलं पाहिजे. तशी जागा असेल तर खुशाल पिशवी घ्या. नसेल तर आधी तिची सोय करा, आणि तोवर डबाच बरा, या मतावर मी ठाम आहे.