दूरदेशीचा बेसबॉल संघ आपला कसा झाला? (अनुभव धागा)

आपल्याकडे क्रिकेटचा संघ कोणी निवडत नाही, तो जन्माबरोबरच मिळतो. बेसबॉलचे तसे नाही. महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहून अमेरिकेतल्या, कॅनडातल्या किंवा जपानमधल्या एखाद्या शहराच्या संघासाठी जीव टांगणीला लावणारी जी मंडळी मला भेटली, त्यांतल्या बहुतेकांना त्या संघापर्यंत एखाद्या माणसाने, नोकरीने किंवा परक्या गावच्या मुक्कामाने नेले होते; त्याचे विजय त्यांना नंतर कळले, आणि काहींच्या वाट्याला ते फारसे आलेही नाहीत. अशा काही जणांना मी लिहिण्याची विनंती केली. संघ कसा भेटला, सामना दिवसाच्या कोणत्या प्रहरी पाहता आणि हरणाऱ्या वर्षांत काय धरून राहता, एवढेच विचारले होते. सुरुवात माझ्यापासून करतो.

नाशिक : सिएटल मरिनर्स

माझी मुलगी सिएटलजवळ बेलव्ह्यू येथे राहते. निवृत्तीनंतर आम्ही दोघे एक उन्हाळाभर तिच्याकडे राहिलो, तेव्हा जावई रोज संध्याकाळी रेडिओवर सामना लावून स्वयंपाकाला उभे राहत. बाळ ज. पंडित यांचे मराठी धावते वर्णन ऐकत वाढलेल्या माझ्या पिढीला कानांनी सामना पाहणे नवे नव्हते. नवे होते ते एवढेच की हा सामना उद्याही होता आणि परवाही होता. नियमित हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज एक. नाशिकला परतल्यावर हिशेब केला, तर सिएटलला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी साडेसातला येतो असे दिसले. तेव्हापासून सकाळचा चहा आणि पहिली इनिंग (एका सामन्यात अशा नऊ, बरोबरी राहिली तर अधिक) बरोबरच होतात.

मरिनर्स १९७७ मध्ये सुरू झाले. मेजर लीग या अमेरिका-कॅनडातल्या स्पर्धेत ३० संघ आहेत आणि त्यांतला वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, कधीही न पोहोचलेला हा एकमेव संघ आहे. २००१ मध्ये, इचिरो सुझुकीच्या पहिल्या वर्षी, त्यांनी ११६ सामने जिंकून जुन्या विक्रमाची बरोबरी केली, आणि त्यानंतर तब्बल २१ वर्षे त्यांना प्लेऑफचे, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, तोंड दिसले नाही. तो दुष्काळ संपला तेव्हा आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ ची सकाळ होती. नवव्या इनिंगमध्ये बदली बॅटर म्हणून आलेल्या कॅल रॅलीने होमरन (आपल्या षटकारासारखा मैदानापार फटका) मारला आणि पलीकडून मुलीचा फोन आला, तेव्हा दोघांनाही बोलता येईना. दोनच आठवड्यांनी ह्यूस्टनविरुद्धचा सामना आपल्या रात्री दीडनंतर सुरू झाला. सतरा इनिंग दोन्ही संघांना एकही धाव काढता आली नाही, आणि आपल्याकडे सकाळचे आठ वाजण्याच्या सुमारास, अठराव्या इनिंगमध्ये, ह्यूस्टनने १-० असा तो जिंकला.

२०२५ चे दुःख मात्र वेगळ्या प्रतीचे आहे. वर्ल्ड सिरीज एका विजयावर होती. टोरंटोविरुद्धच्या मालिकेतला सातवा आणि निर्णायक सामना आपल्याकडे २१ ऑक्टोबरच्या पहाटे, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी झाला. सातव्या इनिंगमध्ये ३-१ अशी आघाडी असताना टोरंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला आणि ४-३ अशी हार झाली. संध्याकाळी पूजा झाली, फराळाला माणसे आली, आणि मी सर्वांशी बोलत असताना मनात ती सातवी इनिंगच चालू होती. अजिंक्यपद मला हवे आहेच, ते नाकारत नाही. पण मुलीच्या घरात संध्याकाळी जो आवाज चालू असतो तोच त्याच क्षणी माझ्या घरात सकाळी चालू असतो, आणि इतक्या अंतरावरून आम्हाला एकत्र असे दुसरे काहीच ऐकता येत नाही.

पुणे : शिकागो कब्ज

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी शिकागोच्या ग्राहकासाठी रात्रपाळी करत असे. १९१४ मध्ये बांधलेल्या रिग्ली फील्डवर, म्हणजे कब्जच्या मैदानावर, १९८८ पर्यंत प्रकाशझोतच नव्हते, आणि आजही तिथे दुपारचे सामने इतर मैदानांपेक्षा अधिक होतात. तिथले दुपारचे एक वाजून वीस मिनिटे म्हणजे आपल्या रात्रीचे बारा वाजायला दहा मिनिटे कमी. पलीकडचा सहकारी कामाच्या फोनवर अधूनमधून धावसंख्या सांगे. पुढे मीच त्याला विचारू लागलो आणि मग स्वतः ऐकू लागलो.

त्याचे आजोबा १९०८ नंतर जन्मले आणि २०१६ च्या आधी वारले. कब्जच्या दोन अजिंक्यपदांमधली १०८ वर्षे ज्यांना माहीत आहेत, त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना क्लीव्हलंडला झाला. आपल्याकडे ३ नोव्हेंबरची सकाळ होती, आणि पाळी संपूनही मी कार्यालयातच थांबलो होतो. आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलंडने बरोबरी साधली, नवव्यानंतर पावसामुळे खेळ १७ मिनिटे थांबला आणि दहाव्या इनिंगमध्ये कब्जने ८-७ असा विजय मिळवला. त्या दिवसांत शिकागोतले लोक रिग्लीच्या विटांच्या भिंतींवर खडूने आपल्या दिवंगत माणसांची नावे लिहीत होते. सहकाऱ्याने आजोबांचे नाव लिहून त्याचे छायाचित्र मला पाठवले. मी त्या आजोबांना कधी पाहिले नव्हते, तरी ते नाव मी पुन्हा पुन्हा वाचले. नोकरी बदलून बराच काळ लोटला, पण कब्ज सुटले नाहीत.

सातारा : पिट्सबर्ग पायरेट्स

मी पिट्सबर्गला संशोधनासाठी गेले तेव्हा बेसबॉलविषयी मला एवढेच ठाऊक होते की उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना २००८ मध्ये याच संघाने करारबद्ध केले होते. वडिलांनी ती बातमी कापून ठेवली होती. पुढे मैदानाकडे जाणाऱ्या पिवळ्या पुलावरून चालताना त्याला रोबेर्तो क्लेमेंते यांचे नाव का दिले आहे, हे मी विचारले आणि तिथून सगळे सुरू झाले.

क्लेमेंते पोर्तो रिकोचे. १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षे ते पायरेट्सकडून खेळले आणि त्यांचे बरोबर ३००० हिट्स (यशस्वी फटके) झाले. सुरुवातीच्या वर्षांत वार्ताहर त्यांचे इंग्रजी जसेच्या तसे, उच्चारांच्या चुकांसह छापत आणि त्यांना ‘बॉब’ म्हणत. त्यांनी स्वतः मात्र आपले नाव रोबेर्तोच ठेवले. ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्यांचे विमान समुद्रात कोसळले. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. परक्या उच्चारांनी वर्गात शिकवायला उभी राहत असताना मला या माणसाचा फार आधार वाटला, आणि त्याचा संघ आपोआप माझा झाला.

तो संघ १९९३ पासून सलग वीस हंगाम विजयांपेक्षा अधिक पराभव स्वीकारत आला होता. १ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री सिनसिनाटीविरुद्धच्या बाद सामन्यासाठी सगळे मैदान काळ्या कपड्यांत आले होते. सिनसिनाटीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॉनी क्वेटो याच्या नावाचा प्रेक्षकांनी इतका गजर केला की त्याच्या हातून चेंडू निसटला, आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. ज्या शहरात मी तोवर पाहुणी होते, त्या शहरात त्या रात्री अनोळखी माणसे मला मिठी मारत होती. आता साताऱ्यात सामना पहाटे चारनंतर सुरू होतो, तेवढे जागरण प्रकृतीला मानवत नाही. सकाळी सारांश पाहते. संघ पुन्हा हरू लागला आहे. मी आहे.

पणजी : लॉस एंजेलिस डॉजर्स

माझा अनुभव छोटा आहे. मी शोहेई ओतानीसाठी बेसबॉल पाहू लागलो. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही या उंचीवर करणारा खेळाडू मी दुसरा पाहिला नाही. तो एंजेल्समध्ये होता तेव्हा मी एंजेल्स पाहत होतो, डिसेंबर २०२३ मध्ये तो डॉजर्सकडे गेला आणि मीही गेलो. २०२४ मध्ये त्याने ५४ होमरन आणि ५९ चोरलेले बेस (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेले पुढचे टप्पे) अशी कामगिरी केली. याला संघाचे चाहते होणे म्हणता येईल का, याविषयी इतरांचे मत वाचायला आवडेल.

(माझ्या मते ते खेळाडूवरचे प्रेम आहे आणि ते कमी प्रतीचे मुळीच नाही. खेळाडू निवृत्त झाल्यावरही सामने लावावेसे वाटले, तर संघ आपला झाला असे समजावे. – धागाकर्ता)

कोल्हापूर : हिरोशिमा तोयो कार्प

पुण्यात जपानी भाषा शिकून मी हिरोशिमाला नोकरीसाठी गेलो. त्या शहराची ओळख आपण सारे ६ ऑगस्ट १९४५ या तारखेने करतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत माझ्याही मनात दुसरे काही नव्हते. कार्यालयातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात मला लाल टोपी दिली आणि कार्पचा इतिहास सांगितला.

शहर अजून राखेतून उभे राहत होते, तेव्हा, १९५० मध्ये, हा संघ पहिला हंगाम खेळला. मागे मोठा उद्योगसमूह नव्हता. पुढच्याच वर्षी पैसा संपून संघ बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा मैदानाबाहेर साकेची पिंपे ठेवण्यात आली आणि ज्यांची घरे नीट उभी राहिली नव्हती त्या लोकांनी त्यांत नाणी टाकून संघ जगवला. पहिले लीग विजेतेपद १९७५ मध्ये आले. १९९१ नंतरचे यायला २०१६ उजाडले. हा संघ शहराने वर्गणी काढून वाचवलेला आहे, आणि सार्वजनिक वर्गणीतून काय काय उभे राहते हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

तिथला पाठिंबाही शिस्तीचा असतो. आपला संघ बॅटिंग करत असताना प्रत्येक खेळाडूचे स्वतंत्र गीत सगळे मिळून गातात, कार्पचे चाहते तर आळीपाळीने उठतात-बसतात. प्रतिस्पर्ध्यांच्या बॅटिंगच्या वेळी गाण्याचा मान त्यांच्या समर्थकांचा. बारा इनिंगनंतरही बरोबरी राहिली तर सामना अनिर्णित सुटतो, हे अमेरिकी बेसबॉल पाहणाऱ्यांना पटत नाही, मला पटते. संध्याकाळी सहाचा सामना इकडे दुपारी अडीचला सुरू होतो, त्यामुळे कामाच्या दिवशी फक्त धावसंख्या पाहता येते. रविवार मात्र राखीव आहे.

ठाणे : ओकलंड ॲथलेटिक्स

वरच्या सर्वांचे संघ आपापल्या शहरांत आहेत. माझा राहिला नाही. ओकलंडजवळ फ्रीमाँटला असताना आम्ही बार्टच्या (तिथल्या लोकलच्या) गाडीने कोलिझियम स्थानकावर उतरत असू आणि पादचारी पुलावरून थेट मैदानात जात असू. मैदान जुने होते, तिकिटे परवडत, आणि उजव्या बाजूच्या प्रेक्षागारात काही चाहते संपूर्ण सामनाभर ढोल वाजवत. ठाण्याच्या माणसाला तेवढे पुरेसे होते. मुलगा तिथेच खेळ समजायला शिकला.

हा संघ फिरता आहे, हे मला नंतर कळले: १९०१ पासून फिलाडेल्फिया, १९५५ पासून कॅन्सस सिटी, १९६८ पासून ओकलंड. ओकलंडमध्ये त्यांनी १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन व नंतर १९८९ मध्ये एक वर्ल्ड सिरीज जिंकली. लास व्हेगासला जाण्याचा निर्णय झाल्यावर, जून २०२३ मध्ये एका मंगळवारी, एरवी रिकाम्या राहणाऱ्या त्या मैदानात चाहते सत्तावीस हजारांहून अधिक संख्येने मुद्दाम आले. ‘संघ विका’ अशी मागणी करणारे हिरवे शर्ट त्यांनी घातले होते. निर्णय बदलला नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी टेक्ससला ३-२ असे हरवून ओकलंडमधला शेवटचा सामना संपला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती; मुलगा आणि मी शेवटपर्यंत जागे होतो. आता ते सॅक्रामेंटोजवळ खेळतात. मुलगा अजूनही त्यांच्यामागे आहे. मी खेळाडूंची कामगिरी पाहतो, गुणतक्ता पाहत नाही. दूरच्या चाहत्याला मैदानाने काय फरक पडतो, असे मला विचारले जाते. पडतो. आपण ज्या जागेची आठवण काढतो ती जागा तरी असावी लागते.

जळगाव : टोरंटो ब्लू जेज

काका, तुमचे लक्ष्मीपूजन ज्या होमरनने झाकोळले, त्याच होमरनला मी इथे घरातल्यांची झोपमोड होईल इतक्या मोठ्याने ओरडले होते. तुमचे लिहिणे वाचून दुसरी बाजू कळली.

मी जळगावात शाळेपासून सॉफ्टबॉल खेळले आणि आता शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. भाऊ मिसिसागाला असतो, म्हणून टोरंटो. तिथला सात वाजून सात मिनिटांचा सामना इथे पहाटे चार वाजून सदतीस मिनिटांनी सुरू होतो, आणि मैदानावर जायच्या आधी निम्मा ऐकून होतो. मी सामना वहीत उतरवते. क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात: पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ६, याप्रमाणे. म्हणून ‘६-४-३’ एवढे लिहिले की चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला आणि दोन गडी कसे बाद झाले हे पुढे कधीही वाचता येते. चित्र दिसत नसले तरी हाताने नोंद केली की सामना डोळ्यांसमोर राहतो, असा माझा अनुभव आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी हीच सवय सुचवीन.

वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना आपल्याकडे २ नोव्हेंबरच्या सकाळी झाला. नवव्या इनिंगमध्ये टोरंटो अजिंक्यपदापासून फक्त दोन गडी दूर असताना डॉजर्सच्या मिगेल रोहासने बरोबरीचा होमरन मारला, अकराव्यात विल स्मिथने दुसरा, आणि ५-४ असे सगळे संपले. वहीतली शेवटची नोंद ‘६-३’ आहे: शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसवर पाय टेकवून पहिल्या बेसवर चेंडू फेकला आणि दोघे बाद झाले. त्याच दुपारी माझ्या संघातल्या मुली विश्वचषकाचा अंतिम सामना पाहायला घरी जमल्या. नवी मुंबईत पावसाने उशीर झाला, मध्यरात्र उलटली, पण भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले तोवर एकही मुलगी घरी गेली नव्हती. पावसामुळे थांबलेल्या वेळात त्यांनी ती वही चाळली आणि आकड्यांचा अर्थ विचारला. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी त्यांना नोंद ठेवायला शिकवले. आता शाळेच्या सामन्यांची वही त्याच लिहितात, आणि मार्चअखेरीस टोरंटोचा पहिला सामना ऐकायला दोघी पहाटे येणार आहेत.