अध्यक्षांच्या अंगणातली प्रचारसभा आणि आमची झाकलेली कोनशिला

माणदेशी_अण्णा

मंडळी, शंका जुनी आहे, 2020 सालची. इथं अमेरिकेतले बरेच जण असतात म्हणून विचारतो.

मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. 2020च्या जानेवारीत आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला गेलो, मार्चअखेर परतायचं होतं. विमानं बंद झाली. व्हिसाची मुदत वाढवून घेतली आणि ऑक्टोबरपर्यंत तिथंच अडकलो. नातवाला उजळणी शिकवायची आणि टीव्ही बघायचा, एवढंच काम.

मे महिन्यात लेकीच्या नावे पोस्टानं एक पाकीट आलं. करोनाच्या मदतीचे पैसे सरकारनं आधीच तिच्या खात्यात टाकले होते. पाकिटात नुसतं पत्र. वर व्हाइट हाऊसचं नाव, एका बाजूला इंग्रजी, पाठीमागं स्पॅनिश, आणि खाली अध्यक्ष ट्रम्प यांची ती जाड पेनाची, इसीजीच्या पट्टीसारखी सही. जावई म्हणाले, "पप्पा, ज्यांना कागदी चेक गेलेत त्यांच्या चेकवरसुद्धा नाव छापलंय." निवडणूक सहा महिन्यांवर! माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मग ऑगस्टमध्ये त्यांच्या पक्षाचं अधिवेशन. 27 तारखेला उमेदवारी स्वीकारल्याचं भाषण थेट व्हाइट हाऊसच्या दक्षिणेकडच्या हिरवळीवरून. समोर दीडेक हजार माणसं, खुर्चीला खुर्ची लागलेली, मास्क तुरळक. आम्ही तेव्हा दुधाची कॅनसुद्धा पुसून घरात घेत होतो. भाषण संपल्यावर वॉशिंग्टन स्मारकाच्या बाजूला आतषबाजी झाली आणि आकाशात त्यांच्या नावाची अक्षरं उमटली.

मी नोकरीत असताना आचारसंहिता लागली की पहिले दोन दिवस आमचा एकच धंदा. तलाठी, कोतवाल, ग्रामसेवक घेऊन गावोगाव हिंडायचं आणि दिसेल ते नाव झाकायचं. कोनशिला, स्मशानशेडवरचा आमदार निधीचा फलक, एसटी निवारा, चावडीतलं मंत्र्यांचा फोटो असलेलं कॅलेंडर. 2009च्या विधानसभेला एका समाजमंदिराची कोनशिला आम्ही वर्तमानपत्र आणि खळ लावून झाकली होती. रात्री पाऊस झाला, कागद निघाला, विरोधी गटानं सकाळी फोटो काढून वर पाठवला. मला कारणे दाखवा नोटीस! एका ओल्या कागदापायी.

तर माझा प्रश्न एवढाच. अमेरिकेत सरकारी वास्तू, सरकारी पैसा, सरकारी पाकीट प्रचारात वापरू नये असा कायदाच नाही का? का आहे आणि कोणी विचारत नाही?

---

एडिसनची_मंजिरी

अण्णा, कायदा आहे. हॅच कायदा, 1939चा. त्याआधीच्या वर्षीच्या निवडणुकीत सरकारी रोजगार योजनेतल्या माणसांना राजकारणाला जुंपल्याची ओरड झाली, त्यातून आला. सरकारी नोकरानं पदाचा वापर प्रचारासाठी करू नये असं तो सांगतो. पण अध्यक्ष आणि उपाध्यक्ष त्यातून वगळलेले! आणि हिरवळ? कायद्याची अंमलबजावणी बघणाऱ्या कार्यालयानं आधीच पत्र देऊन ठेवलं होतं की ती सरकारी कामाची 'खोली किंवा इमारत' धरली जात नाही. म्हणजे अध्यक्षांचं भाषण कायद्यात बसत होतं. खुर्च्या लावायला हाताखालच्या कुठल्या अधिकाऱ्याला जुंपलं तर मात्र तो माणूस अडकणार.

तुमचं पत्राचं म्हणणं थोडं दुरुस्त करते. पैसे दिल्यावर पंधरा दिवसांत लेखी कळवायचं हे कायद्यातच होतं, त्यामुळे पत्र येणारच होतं. अध्यक्षांची सही कायद्यानं मागितली नव्हती. चेकवर तर त्यांना सही करायचा अधिकारच नाही, म्हणून नाव डावीकडे 'मेमो'च्या ओळीत छापलं. कर खात्यानं पाठवलेल्या पैशावर अध्यक्षांचं नाव येण्याची ती पहिलीच वेळ.

पण मला लागलं ते वेगळंच. माझी नागरिकत्वाची शपथ मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठरली होती. निळी साडी इस्त्री करून ठेवलेली. 18 मार्चला सगळी कार्यालयं बंद झाली. जूननंतर हळूहळू सुरू झालं आणि माझा नंबर जुलैत लागला. नवरा आणि मुलगी बाहेर गाडीत. आत सहा-सहा फुटांवर खुर्च्या, तोंडाला मास्क, शपथ, प्रमाणपत्र, हातात छोटा झेंडा, दहा मिनिटांत बाहेर. मुलीनं गाडीच्या काचेतूनच टाळ्या वाजवल्या. बारा वर्षं वाट पाहिली होती त्याची.

आणि 25 ऑगस्टला रात्री टीव्हीवर बघते तर व्हाइट हाऊसमध्ये पाच जणांचा शपथविधी. गणवेशातले मरीन दार उघडतात, अध्यक्ष चालत येतात, अंतर्गत सुरक्षा खात्याचे प्रभारी मंत्री चॅड वुल्फ शपथ देतात. पाचांत आपल्याकडची एक सॉफ्टवेअरवाली बाई होती, साडीत. एक क्षण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की हे पक्षाच्या अधिवेशनात दाखवताहेत. नंतर बातम्यांत आलं की त्यातल्या काहींना हे चित्रण अधिवेशनात जाणार हे ठाऊकच नव्हतं. युक्ती अशी, की व्हाइट हाऊसनं व्हिडिओ आधी स्वतःच्या पानावर टाकला आणि पक्षानं 'सार्वजनिक आहे' म्हणून तो उचलला.

ज्या माणसानं चार वर्षं आमच्यासारख्यांच्या फायली अडवून ठेवल्या, त्यानं आमची शपथ पडद्याला लावावी! शपथ घेताना मी कुठल्या पक्षाचं नाव घेतलं नव्हतं हो.

---

वकील_कोर्टनाक्यावरचे

अण्णांच्या प्रश्नातला 'कोणी विचारत नाही' हा भाग महत्त्वाचा. विचारलं, पण कधी? हॅच कायदा बघणाऱ्या त्याच कार्यालयाचा अहवाल 2021च्या नोव्हेंबरात आला. ट्रम्प सरकारातल्या किमान 13 वरिष्ठांनी कायदा मोडला असा निष्कर्ष. त्यात त्या शपथविधीसाठी वुल्फ आहेत आणि जेरुसलेमहून अधिवेशनासाठी भाषण दिलं म्हणून परराष्ट्रमंत्री पॉम्पेओही आहेत. निवडणूक होऊन वर्ष उलटलं होतं, सगळे घरी बसलेले.

आणि पदावर असते तरी काय? राजकीय नेमणुकीच्या बड्या माणसांवर कारवाई करायची तर ती अध्यक्षांनीच. अध्यक्षांच्या सल्लागार केलीॲन कॉनवे बाईंना काढून टाका अशी शिफारस या कार्यालयानं 2019च्या जूनमध्ये केली होती. अध्यक्षांनी नाही म्हटलं, विषय संपला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

आपल्याकडे 12 जून 1975चा निकाल आठवा. अलाहाबाद उच्च न्यायालय, न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा. इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द झाली ती कशावरून? यशपाल कपूर सरकारी नोकरीत असतानाच त्यांचं प्रचाराचं काम करत होते, आणि सभेचं व्यासपीठ नि कर्ण्याची वीज यांची सोय उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांनी केली, या दोन गोष्टींवरून. व्यासपीठाच्या फळ्या! व्हाइट हाऊसच्या हिरवळीशेजारी त्या ठेवून बघा.

अर्थात फार छाती फुगवायला नको. ऑगस्टात संसदेनं कायदाच मागच्या तारखेपासून बदलला आणि 7 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. आणि आचारसंहितेत मंत्र्यांनी सरकारी दौरा आणि प्रचार एकत्र करू नये असं आहे, त्यातून पंतप्रधान वगळलेले आहेत. कोनशिला तेवढ्या झाकायच्या, त्याही अण्णांनी.

---

दादरचा_बंड्या

सगळं ट्रम्पच्या नावावर कशाला? 1972 साली निक्सननं हेच केलं. सामाजिक सुरक्षेचं पेन्शन 20 टक्क्यांनी वाढलं, आणि मतदानाच्या महिनाभर आधी गेलेल्या चेकसोबत चिठ्ठी होती की वाढीच्या कायद्यावर अध्यक्ष निक्सन यांनी सही केली आहे. गंमत म्हणजे एवढी वाढ त्यांना स्वतःला नको होती, काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, गळ्यात घातली.

आणि बायडेन? 2021च्या चेकवर नाव घातलं नाही म्हणून कौतुक झालं, पण पाठोपाठचं पत्र त्यांच्याही सहीचंच. पुढे 2024च्या डिसेंबरात, पक्ष हरल्यानंतर, भाषणात स्वतःच म्हणाले की चेकवर नाव न घालणं हा आपला मूर्खपणा झाला. खुर्चीवर बसलेला माणूस खुर्ची वापरणारच. अण्णा, तुमच्या जिल्ह्यात रेशनच्या पिशवीवर कोणाचा फोटो असतो ते सांगा की.

---

एडिसनची_मंजिरी

बंड्या, निक्सनची चिठ्ठी खरी, बायडेनचं पत्रही आमच्या घरी आलं होतं. पण 2020च्या 4 नोव्हेंबरच्या पहाटे, टपालानं आलेली लाखो मतं अजून मोजायची असताना, व्हाइट हाऊसच्याच ईस्ट रूममध्ये उभं राहून 'आम्ही जिंकलो' असं सांगणारा दुसरा कुठला अध्यक्ष दाखव. त्या वर्षी न्यू जर्सीत सगळ्यांना घरपोच मतपत्रिका आल्या होत्या. माझं आयुष्यातलं अमेरिकेतलं पहिलं मत त्या टपालाच्या ढिगात होतं आणि हे गृहस्थ मोजणी थांबवा म्हणत होते. चिठ्ठी आणि हे एका तागडीत घालू नकोस.

---

माणदेशी_अण्णा

मंजिरीताई, वकीलसाहेब, मनापासून आभार. माझ्या डोक्यात होतं की तिथं कायदाच नाही. आहे, पण ज्याला बांधायचं त्याच्याच हातात दावं. आता उलगडलं.

बंड्याभाऊ, रेशनच्या पिशवीचं म्हणणं मान्य. आचारसंहितेत त्या पिशव्या आम्ही उलट्या करून वाटायला लावल्या आहेत, आतली बाजू बाहेर. लोक हसायचे. पण एक पिशवी उलटी करायचा हुकूम माझ्यासारखा तिसऱ्या पायरीवरचा माणूस काढू शकत होता, आणि त्या दोन महिन्यांपुरतं आमदारानं ऐकूनही घेतलं. तेवढं तिथं मला कुठं दिसलं नाही.

आणि त्या 2009च्या नोटिशीचं पुढं काय झालं असं एकानं निरोपातून विचारलंय. खुलासा दिला, समज देऊन सोडलं. खरी भानगड वेगळीच होती, ती मी खुलाशात लिहिली नाही. कोनशिलेवर आम्ही जे वर्तमानपत्र चिकटवलं होतं, त्यात त्याच आमदारांच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात होती, फोटोसकट. पाऊस आला म्हणून वाचलो.