इफडेफवाल्या महाशयांना उत्तर (लांब आहे, चहा घेऊन बसा)

सातपूरचा_सीवाला
काल इथे एकाने लिनक्स कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) सी कोडबद्दल ठोकून दिलं: "कर्नल कोडमध्ये इफडेफच बरं, इज-एनेबल्ड ही नुसती फॅशन. कंपायलर जे फेकूनच देणार, ते त्याला दाखवायचं कशाला?"

कशाला? ऐका. (नव्यांसाठी: दोन्ही एखादा कॉन्फिग ऑप्शन चालू असेल तरच कोड ठेवायला. इफडेफ तो कंपायलरपर्यंत पोचायच्या आधीच कापतो; इज-एनेबल्ड साध्या इफमध्ये बसतं, कंपायलर कोड तपासतो आणि मग फेकतो.) आमच्या ड्रायव्हरमधलं सस्पेंडचं फंक्शन इफडेफमध्ये होतं. बोर्डावर पॉवर मॅनेजमेंट बंद, म्हणजे कंपायलरने ते कधी पाहिलंच नाही. मधे कोणीतरी स्ट्रक्चरमधल्या एका फील्डचं नाव बदललं. बिल्ड सहा महिने हिरवंगार. मग गिऱ्हाइकाला बॅटरीवाला बोर्ड हवा झाला, ऑप्शन चालू केला आणि स्क्रीनभर एरर. साध्या इफमध्ये इज-एनेबल्ड असतं तर नाव बदलणाऱ्यालाच त्याच दिवशी फटका बसला असता. ऑप्शन बंद असेल तर अट शून्य होते, कोड उडतो. तुमची फ्लॅश काही भरत नाही.

अंबड_लिंकर
ते महाशय मीच. फील्डच कॉन्फिगखाली असेल, म्हणजे ऑप्शन बंद की तेही नाही, तर काय करणार? कंपायलर म्हणेल, असलं फील्ड नाही. तिथे इफडेफच लागतो, हे कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येच लिहिलंय. अर्धंच वाचता का? आणि ऑप्शन मॉड्यूल (एम, म्हणजे नंतर वेगळा जोडायचा तुकडा; वाय म्हणजे कर्नलमध्येच पक्का) असला तरी इज-एनेबल्ड 'हो' म्हणतं. तुमचा ड्रायव्हर वाय, ज्याला हाक मारताय तो एम, की लिंक करताना बोंब.

सातपूरचा_सीवाला
इज-रीचेबल वापरा, हाक पोचणार असेल तरच ते 'हो' म्हणतं.

अंबड_लिंकर
म्हणजे बिल्ड होतं आणि फीचर गुपचूप गायब! केकॉन्फिगमध्ये (ऑप्शनच्या अटींची फाइल) 'डिपेंड्स ऑन फू || !फू' लिहा, म्हणजे 'फू असो किंवा नसो'; फू हा तो दुसरा ऑप्शन. फू एम असला की तुम्हीही वाय होऊ शकत नाही. पण ती ओळ वाचून नवी पोरं "सर, हे तर कायम खरंच ना?" म्हणत काढून टाकतात.

द्राक्ष_आणि_डिबग
तुमचं चालू द्या, पण खरा चोर ओल्डडेफकॉन्फिग, जुनी कॉन्फिग नव्या कर्नलशी जुळवून उरलेलं डीफॉल्टने भरणारी आज्ञा. गेल्या वर्षी कर्नल वर नेला, जुनी डॉट-कॉन्फिग (निवडलेल्या ऑप्शनची फाइल) दिली, एंटर. वॉचडॉगच्या (अडकलेला बोर्ड आपोआप रिसेट करणारा) ऑप्शनचं नाव नव्या कर्नलमध्ये बदललेलं. त्याने जुनं नाव मुकाट्याने गाळलं, चूं नाही की चां नाही. दिंडोरीच्या बागेतला हवामानाचा बोर्ड रात्री अडकला तो अडकलाच. पहाटे बागाईतदार तात्यांचा फोन, "साहेब, तुमचं यंत्र झोपलंय." थंडीत मोटारसायकल काढली, बागेत जाऊन हाताने रिसेट दाबला.

अंबड_लिंकर
लिस्टन्यूकॉन्फिग चालवायचं ना.

द्राक्ष_आणि_डिबग
ते नवे ऑप्शन सांगतं, गेलेले नाही! डिफकॉन्फिग स्क्रिप्टने जुनी-नवी फाइल ताडून बघावी लागते. तुम्ही कधी चालवलीय?

नाशिकरोड_नाइटबिल्ड
आमच्याकडे डॉट-कॉन्फिग गिटमध्येच (कोडच्या सामायिक साठ्यात) नाही. "सरांच्या लॅपटॉपवर आहे." सर नोकरी सोडून गेले.

द्राक्ष_आणि_डिबग
सेव्हडेफकॉन्फिग करून छोटी फाइल (डीफॉल्टपेक्षा वेगळं तेवढंच) ठेवायला काय जातं?

नाशिकरोड_नाइटबिल्ड
छोटी कशाला? डीफॉल्ट बदलले की ती तुम्हाला न विचारता बदलते. पूर्णच ठेवा.

द्राक्ष_आणि_डिबग
हजारो ओळींचा डिफ तुम्ही वाचणार का? रात्रपाळीत?

सातपूरचा_सीवाला
धागा माझा होता, आठवतंय का कोणाला?

अंबड_लिंकर
आठवतंय. फंक्शनच्या पोटात इफडेफ पेरणं वाईट, मान्य. हेडरमध्ये रिकामे स्टब (ऑप्शन बंद असताना काहीच न करणारी फंक्शनं) ठेवेन. पण फॅशन हा शब्द मागे घेणार नाही.

सातपूरचा_सीवाला
नका घेऊ. फक्त एंडइफपुढे (इफडेफ जिथे संपतो ती ओळ) तो कुठल्या अटीचा तेवढं लिहा. परवा तुमची फाइल उघडली, ओळीने चार एंडइफ, एकाचाही बाप कळेना.

अंबड_लिंकर
ती फाइल माझी नाही. मीही उसनी आणलीय.