नदी होती म्हणून शहर झालं, तर मग प्रवरेकाठी का नाही झालं?

प्रवराकाठ:
शाळेत आपण सगळ्यांनी एकच उत्तर पाठ केलंय. नदीकाठी सुपीक गाळ, गाळात भरपूर धान्य, धान्य उरलं म्हणून शहर, आणि शहर झालं की लिपी, राजा, देऊळ सगळं ओळीने आलंच. सिंधू, नाईल, टायग्रिस-युफ्रेटिस लिहिलं की पूर्ण मार्क. मला हे उत्तर अर्धवट वाटतं आणि त्याचा पुरावा आमच्या घराजवळच आहे.

संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे, 1950-51 ला डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी तिथं खोदकाम केलं आणि गावाच्या नावावरून तांबं वापरणाऱ्या त्या जुन्या शेतकऱ्यांच्या अख्ख्या संस्कृतीला जोर्वे नाव पडलं. त्याच नदीवर खाली दायमाबाद. तिकडे शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगाव, जिथं इ.स.पू. 1600 ते 700 म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षं वस्ती होती. हे लोक सातू पिकवायचे, गहू, मसूर, वाटाणा होता, धान्याचं कोठार होतं, गावप्रमुखाचं म्हणतात ते पाच खोल्यांचं घर होतं, आणि पुराचं पाणी वळवायला दगडी बांध आणि त्याच्या कडेने काढलेला रुंद पाट पण सापडलाय. नदी आहे, शेती आहे, शिलकीचं धान्य आहे, पाटपाणी सुद्धा आहे. पण इनामगाव 5 हेक्टरच्या आसपास आणि मोहेंजोदडो 200 हेक्टरच्या वर, ना लिपी ना विटांचे रस्ते. माझं स्पष्ट मत आहे की नदी आणि शेतीने गाव होतं, शहर होत नाही. शहर होतं ते धान्य कोणीतरी गोळा करायला, मोजायला आणि लांब पाठवायला लागतो तेव्हा.

शिरूरकर:
दादा, सगळ्या नद्या एकाच मापाने मोजल्यात ना, तिथंच गडबड आहे. मी घोडच्या खोऱ्यातला शेतकरी. आमच्या नद्या कातळात खोल गेलेल्या, दरडी उंच, गाळाचा पट्टा अरुंद आणि धरणं व्हायच्या आधी उन्हाळ्यात नदीत डबकी उरायची. सिंधूचं मैदान कुठं आणि हे कुठं. तिकडे बर्फाचं पाणी पावसाळ्याच्या पाण्यात मिसळतं, पूर मैलोन्‌मैल पसरतो, ओसरला की ओल्या गाळात गहू-सातू टाकायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला काढायचा. उजनीच्या पाण्याखालची जमीन उघडी पडली की लोक गाळपेर करतात, बघितलं असेल तुम्ही, तसं समजा पण शेकडो मैल. नाईलचं अजून सरळ, पूर जुलै ते ऑक्टोबर, पाणी उतरलं की पेरणी. म्हणजे तुमचं उदाहरण पुस्तकातल्या उत्तराला खोटं पाडत नाही, उलट खरं करतं. आमच्याकडे तशी नदी नव्हती म्हणून शहर झालं नाही.

प्रवराकाठ:
@शिरूरकर पण मग दायमाबादचं काय? तिथं जोर्वेच्या आधी उत्तर हडप्पा म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातले लोक राहून गेलेत. त्यांना शहर माहीत होतं ना. तरी प्रवरेला येऊन त्यांनी गावच वसवलं.

शिरूरकर:
ते आले तोवर त्यांच्या मूळ ठिकाणीच शहरं संपत आली होती. इ.स.पू. 1900 नंतर गुजरात काय, हरयाणा काय, सगळीकडे लहान वस्त्याच दिसतात. त्यांनी प्रवरेला शहर बांधलं नाही यात प्रवरेचा दोष नाही.

बसऱ्याचा पाहुणा:
नोकरीसाठी काही वर्षं दक्षिण इराकमधे होतो म्हणून लिहितोय. शिरूरकर साहेब, पूर आला आणि पीक आलं हे नाईलला ठीक आहे, पण टायग्रिस-युफ्रेटिसला पूर येतो एप्रिल-मे मधे, तुर्कस्तानच्या डोंगरातला बर्फ वितळून. आणि नेमका तेव्हाच सातू कापायला आलेला असतो! म्हणजे पाणी हवं तेव्हा नदी रोडावलेली आणि नको तेव्हा अंगावर. पाऊस इतका कमी की दक्षिणेला नुसत्या पावसावर धान्य येतच नाही. त्यात नदी गाळ टाकून टाकून स्वतःचं पात्र आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर उचलते, काठ फुटला की सगळं शेत गेलं. आणि तरीही उरुक तिथंच झालं, इ.स.पू. 3500 ते 3100 च्या सुमारास, जगातल्या पहिल्या मोठ्या शहरांपैकी एक. सोयीची नदी पाहिजे हा मुद्दा तिथं टिकत नाही. त्या जमिनीवर मिठाचा पांढरा थर मी डोळ्यांनी बघितलाय, पाणी देत राहायचं आणि निचरा नाही म्हणून खारवट होते, अगदी आपल्याकडे ऊसपट्ट्यात होते तशी. सुमेरच्या म्हणजे दक्षिण इराकच्या त्या जुन्या शहरांच्या काळातच गहू कमी होऊन सातू वाढला, कारण सातू मीठ जास्त सोसतो, असं 1958 पासून अभ्यासक सांगतायत. मला तरी वाटतं की शहर तिथं झालं ते अडचणीमुळे, चर काढायला, बांध राखायला माणसं एकत्र यावीच लागली.

पांझराकाठ:
एकत्र यावं लागलं इथपर्यंत मान्य, पण पुढे लोक म्हणतात की पाटपाणी सांभाळायला राजा आणि कारकून लागले म्हणून राज्य झालं, ते मला बिलकुल पटत नाही. विटफोगेल नावाच्या जर्मन अभ्यासकाने 1957 ला हेच मोठ्या आवाजात मांडलं होतं.

आमच्या धुळ्या-साक्रीकडे या, फड पद्धत बघा. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे, बंधाऱ्यावरून पाट, पाटाखाली फड म्हणजे शेतांचे गट, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कुठल्या वर्षी कुठल्या फडाला पाणी ते शेतकरी बसून ठरवणार, पाटकरी पाणी वाटणार, जागल्या राखण करणार आणि त्यांना धान्यात मोबदला. काही शतकं हे गावांनी चालवलंय. वर राजे बदलले, मुघल गेले, मराठे गेले, इंग्रज आले, पाणी वाटपाला त्यातलं कोणी बसलेलं नव्हतं. माझे आजोबा पंच होते आणि शेवटच्या शेताला पाणी पोचल्याशिवाय ते घरी जेवायला येत नसत हे आजी सांगायची. इनामगावचा पाट असाच गावाने काढला असेल, त्याला राजा कशाला हवा. इराकात सुद्धा जमिनीवर फिरून जुन्या वस्त्या आणि पाट शोधले तेव्हा मोठे सरकारी कालवे शहरांच्या नंतरचे निघाले, आधीचं काम छोट्या नैसर्गिक प्रवाहांवर चाललं होतं.

धान्यकोठी:
सगळे पाण्यावर भांडताय, पिकाकडे कोणी बघत नाहीये. न्यू गिनीत कूक नावाची दलदल आहे, तिथं किमान सहा-सात हजार वर्षांपूर्वी लोक मातीचे उंचवटे करून अळकुडी आणि केळी लावत होते. जगातल्या जुन्यात जुन्या शेतीपैकी ती एक. पाणी भरपूर, शेती भरपूर, शहर नाही. कारण कंद जमिनीत राहतो, लागेल तसा उपटायचा, उपटला की लवकर सडतो. कर गोळा करणारा काय नेणार? गहू-सातू एकदम पिकतो, उभा दिसतो, खळ्यावर मोजता येतो, वर्षभर टिकतो आणि पोत्यात भरून नेता येतो. उरुकच्या सगळ्यात जुन्या मातीच्या पाट्या वाचा, देव-धर्म कमीच, सातू किती, बियर किती, कोणाला किती रेशन, हाच हिशोब. प्रवराकाठचा मुद्दा मला म्हणूनच बरोबर वाटतो, शिल्लक असणं आणि शिल्लक कोणीतरी उचलून नेणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

शिरूरकर:
@धान्यकोठी पण इनामगावला सातूच होता आणि कोठारही होतं! तुमच्या हिशोबाने तिथं शहर व्हायला पाहिजे होतं. नाही झालं, कारण शिल्लक पाच-दहा पोती असेल तर उचलून कोण काय बांधणार. परत नदीवरच आलो आपण. आणि इनामगावच्या शेवटच्या तीनशे वर्षांत पाऊस कमी झाला असं तिथं खोदकाम केलेले ढवळीकर मांडायचे, चौकोनी मोठी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या. पाणी गेलं तर गावसुद्धा टिकलं नाही.

जुनी माती:
सिंधूवाल्यांसाठी एक गोष्ट. राजस्थानातलं कालीबंगन घग्गरच्या कोरड्या पात्राकाठी आहे, तिथं हडप्पाच्याही आधीचं नांगरलेलं शेत सापडलंय. आपण धरून चालतो की तेव्हा तिथून हिमालयातली महानदी वाहत होती. 2017 ला आयआयटी कानपूर आणि लंडनच्या संशोधकांनी खोल बोअर घेऊन वाळूचं वय काढलं तर सतलजने तो मार्ग सुमारे 8000 वर्षांपूर्वीच सोडला होता. म्हणजे वस्त्या झाल्या त्या नदी निघून गेल्यावर! तिथं पावसाळी प्रवाह होता, ओल होती, विहिरीला पाणी होतं आणि महापुराची भीती नव्हती. धोळावीरा तर कच्छच्या रणात, दोन पावसाळी ओढे अडवून मोठमोठे हौद बांधून शहर चालवलं. मला वाटतं बलाढ्य नदीपासून जरा लांब राहणंच शहाणपणाचं होतं.

शिरूरकर:
धोळावीरा व्यापाराचं ठाणं होतं, एकट्या धोळावीऱ्याच्या जिवावर हडप्पा संस्कृती उभी नव्हती. आणि मोहेंजोदडो सिंधूच्या पुराच्या मैदानातच आहे, उंच ओट्यांवर बांधलंय ते उगाच नाही.

प्रवराकाठ:
व्यापाराचं ठाणं म्हणालात, तेच तर मी म्हणतोय. महाराष्ट्रात शहरं आली कधी, सातवाहनांच्या काळात. पैठण, तेर, जुन्नर. नाणेघाटातून माल खाली कल्याण-सोपाऱ्याला जायचा. पेरिप्लस नावाची पहिल्या शतकातली ग्रीक भाषेतली नोंद आहे, त्यात पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर घालून अवघड वाटांनी भडोचला जायचं असं लिहिलंय. गाड्यांवर, होड्यांतून नाही! गोदावरी हजार वर्षं आधीपण वाहतच होती की.

शिरूरकर:
पैठण गोदावरीवर, तेर तेरणेवर, जुन्नर कुकडीवर. एक तरी नदी सोडून दाखवा. आणि ते कापड कुठनं आलं, कापूस शेतातच पिकला ना?

पांझराकाठ:
कापूस शेतात पिकला पण नदीच्या गाळात नाही, काळ्या रानात. ती जमीन आपल्या काळ्या दगडाची बनलेली आहे, बहुतेक ठिकाणी नदीने आणून टाकलेली नाही, आणि ती ओल इतकी धरते की पाट नसला तरी रब्बी निघते. फक्त वापसा म्हणजे नांगरायला योग्य ओल असायची वेळ चुकली तर लाकडी नांगर तिथं चालत नाही, त्याला लोखंडी फाळ लागतो. नागपूरजवळ नायकुंडला इ.स.पू. 700 च्या सुमाराची लोखंड गाळायची भट्टी सापडलीये, म्हणजे इनामगाव ओस पडत होतं त्याच वेळेला विदर्भात लोखंड निघत होतं. जोर्वेवाल्यांकडे तांबं होतं आणि तेही थोडंच, त्यामुळे ते नदीच्या अरुंद पट्ट्याला धरून राहिले. लोखंड आलं तसे लोक नदी सोडून माळाकडे सरकू शकले.

शिरूरकर:
लोखंडाचं मान्य. पण माळावर गेलेल्या माणसाला प्यायला पाणी लागतंच की, आणि आमच्याकडे काळ्या रानात विहीर लागते ती पण ओढ्याच्या कडेलाच.