'सॅक्रिफाइस'ला मराठीत काय म्हणावं : बळी, त्याग, आहुती की आणखी काही?

मिशिगनी
नमस्कार मंडळी. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बेसबॉलवर लेख लिहितोय. वाचणारे बहुतेक क्रिकेटवर पोसलेले, त्यातही मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा जास्त. पिचर (गोलंदाज), बेस (धावत गाठायचे थांबे), होम रन (षटकारासारखा फटका) हे शब्द तसेच ठेवलेत. गाडी अडलीय ती 'सॅक्रिफाइस बंट'पाशी.

प्रकार असा. पहिल्या बेसवर आपला गडी उभा आहे. फलंदाज जोरात न मारता बॅट आडवी धरतो आणि चेंडू जेमतेम समोर पडू देतो. क्षेत्ररक्षक धावत येऊन चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकेपर्यंत आधीचा गडी दुसऱ्या बेसवर पोचलेला असतो. फलंदाज बाद. पण वहीत हा डाव त्याच्या नावावर अपयश म्हणून लागत नाही, सरासरी (यशस्वी फटके भागिले संधी) जिथल्या तिथे राहते.

'बळी' लिहावं तर लोकांना गोलंदाजाने घेतलेला बळी आठवतो. 'बलिदान' लिहावं तर सीमेवरचा जवान. 'त्याग' जरा कीर्तनी वाटतो. शिवाय लेखात पुढे सँडी कोफॅक्स हा ज्यू पिचर आहे. 1965 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, पहिला सामना योम किप्पूर या ज्यूंच्या उपासाच्या सणाला आला म्हणून हा पठ्ठ्या खेळला नाही. तिथेही इथले लेखक 'सॅक्रिफाइस'च लिहितात. दोन्हीकडे एकच मराठी शब्द चालेल का?

उंटावरचा शहाणा
'बळी' नकोच, आणि कारण क्रिकेट नाही, व्याकरण आहे. बळी घेतात, बळी जातो, मोहाला बळी पडतात, दुष्काळात शेकडो जनावरं बळी पडतात. या सगळ्यात ज्याचं जातं त्याला कोणी विचारलेलं नसतं. देणारा दिसतो तो फक्त 'बळी देणे'मध्ये, पण तिथेही द्यायचं ते दुसऱ्याचं: बोकड, कोंबडं, नाहीतर बुद्धिबळातलं प्यादं. प्याद्याला मत नसतं. बंट करणाऱ्याला असतं. (निदान प्रशिक्षकाची खूण पाळायची की नाही एवढं तरी.)

'स्वबळी फटका' असा जोडशब्द मी स्वतः पाच मिनिटं कुरवाळून सोडून दिला. वाचणाऱ्याला निवडणुकीच्या तोंडावर स्वबळाचा नारा देणारा पक्ष आठवणार.

पाटीवरची_अक्षरं
गडी पुढे सरकवतो म्हणून 'सारक फटका'?

उंटावरचा शहाणा
अहो, दिवाळी अंक आहे. पुढच्या पानावर एरंडेलाची जाहिरात घ्यावी लागेल.

खानदेशी_झणका
तुम्ही सगळे पुस्तकातून आलात वाटतं. आम्ही जळगावला शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळलोय, तिथे हा प्रश्न कधी पडलाच नाही. बंटला बंटच म्हणायचे. आणि सर ओरडायचे ते एवढंच: "तू मर, तिला पुढे काढ!"

मराठी खेळांत बाद होण्याला मरणंच म्हणतात ना? हुतुतूत गडी मरतो आणि जिवंत होतो. लगोरीत, आट्यापाट्यांत "मेलास, मेलास" म्हणून भांडणं होतात. त्यात कोणाला हौतात्म्य दिसत नाही.

आणि मिशिगनी, तुम्ही "जेमतेम समोर पडू देतो" लिहिलंत, पण ते करणं लई अवघड. वरचा हात बॅटच्या मध्यापर्यंत सरकवायचा, आणि बोटं बॅटच्या मागे लपवायची. पुढे राहिली तर चेंडू आणि लाकूड यांच्यात चेंगरतात. मी एकदा चेंगरून घेतलीत, नख काळं होऊन गळून पडलं. गुडघ्यात वाकायचं, बॅट चेंडूवर ढकलायची नाही, उलट किंचित मागे घ्यायची, म्हणजे चेंडू मातीत मरतो. बघा, चेंडूसुद्धा मरतोच.

ओसरीवर
झणकाताई, 'मरणे' झकास आहे. पण 'बळी'ची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. बळीचा रक्ताशी संबंध नंतरचा. वैश्वदेवात बलिहरण असतं, त्यात भाताची शितं ठेवतात. पितृपंधरवड्यात आपण काकबळी काढतो, तेव्हा कावळ्याला मारत नाही, जेवू घालतो. संस्कृतात राजाला द्यायच्या करालाही बलीच म्हणत. म्हणजे मूळ अर्थ 'आपल्या वाट्यातून काढून ठेवलेलं'. बंट करणारा हेच करतो, स्वतःच्या वाट्याची संधी काढून देतो.

मात्र आज हा अर्थ काकबळीपुरताच उरलाय हे कबूल. अंकात तळटीप द्यावी लागेल, आणि तळटीप लागणारा शब्द खेळाच्या लेखात टिकत नाही.

'त्याग'ही जपून. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्याग म्हणजे कर्माच्या फळाची आशा सोडणं. बंट करणारा फळ कुठे सोडतोय? त्याला दुसऱ्या बेसवर गडी हवाच आहे. तो सोडतो फक्त स्वतःचा फटका. आहुती म्हणाल तर ती अग्नीत पडते आणि परत येत नाही, हा मात्र पुढच्या डावात पुन्हा बॅट घेऊन हजर.

मिशिगनी
व्वा. आता यात आणखी एक गाठ घालतो, कारण नियमपुस्तकच या बाबतीत फार सोवळं आहे.

बंट केल्यावर गडी पुढे सरकला तरी तो आपोआप सॅक्रिफाइस ठरत नाही. फलंदाज मुख्यतः स्वतः पहिल्या बेसवर पोचायला बघत होता असं गुणलेखकाला वाटलं, तर ते साधं बाद होणं धरायचं. म्हणजे पत्रकारांच्या कक्षात बसलेल्या माणसाने खाली मैदानात उभ्या असलेल्याच्या मनातला हेतू ओळखायचा!

उलट 'सॅक्रिफाइस फ्लाय'. फलंदाजाने उंच, लांब मारला, सीमेजवळ झेल गेला, तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा गडी घरी पोचला, म्हणजे धाव झाली. इथे हेतू कोणी विचारत नाही. फलंदाज बॅट होम रनसाठीच फिरवत असणार, पण नोंद मात्र सॅक्रिफाइसची. आकडेवाल्यांना हा फरक माहीत आहे: बेसवर पोचण्याची टक्केवारी काढताना सॅक्रिफाइस फ्लाय भाजकात धरतात, बंट धरत नाहीत. सरासरीत मात्र दोन्ही माफ. 1954 पासून ही माफी अखंड चालू आहे, त्याआधी कधी होती, कधी नव्हती. टेड विल्यम्सने 1941 मध्ये 0.406 ची सरासरी गाठली तेव्हा ती नव्हती, त्याचे असे झेल सरळ अपयशात जमा झाले.

म्हणजे एकाच इंग्रजी शब्दाखाली एक हेतूचा आणि एक परिणामाचा असे दोन प्रकार नांदतात.

उंटावरचा शहाणा
मग मराठीत दोन शब्द करा, विषय मिटला. दुसऱ्याला 'झेलावरची धाव' म्हणा. त्यात पुण्य चिकटवायचं कारण नाही.

अष्टागरी
मला बेसबॉल कळत नाही, पण कोफॅक्सच्या प्रश्नावर बोलायला आलो. योम किप्पूरला मराठीत नाव आहे हो, आणि ते भाषांतर नाही. आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, त्याला दारफाळणीचा सण म्हणत. दार लावून घ्यायचं, उपास करायचा, प्रार्थना करायची. दुसऱ्या दिवशी शिळा सण. मायबोली मराठी, धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली.

आता सांगा, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्याने 'त्याग केला' असं कोणी म्हटलं असतं का? धंदा बुडत असेल, पण आपण म्हणतो शनिवार पाळला. सण पाळतात, सुतक पाळतात, उपास पाळतात. कोफॅक्सनेही सण पाळला. 'सॅक्रिफाइस' हे बाहेरून बघणाऱ्याचं मोजमाप आहे, त्याला सामना मोठा दिसतो म्हणून.

मिशिगनी
अष्टागरी, साष्टांग! 'दारफाळणीचा सण' लेखात जाणारच. गंमत म्हणजे कोफॅक्स काही फार कर्मठ नव्हता. एरवी देवधर्माची उठाठेव न करणाऱ्याने तेवढा एक दिवस पाळला. त्याच्या जागी डॉन ड्रायस्डेलने पिचिंग केलं आणि त्यांचा संघ डॉजर्स मिनेसोटाकडून 8-2 ने हरले. दुसऱ्या दिवशी कोफॅक्स खेळला, तोही हरला. पाचवा आणि सातवा सामना मात्र त्याने समोरच्याला एकही धाव न देता जिंकून दिला, सातवा तर फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर. लोक दोन्ही गोष्टी जोडून 'देवाने फळ दिलं' म्हणतात. दुसरा सामना सोयीस्कर विसरतात.

आमच्या डेट्रॉइटचा हँक ग्रीनबर्ग 1934 मध्ये याहून पेचात होता. ज्यू नववर्षाला तो खेळला, दोन होम रन मारले, टायगर्स 2-1 ने जिंकले. मग योम किप्पूरला मात्र बॅट न धरता सिनेगॉगमध्ये गेला. एक सण मोडला, एक पाळला. 'पाळणे'ला हे छान 'मोडणे' आयतं मिळतं, 'त्याग'ला नाही मिळत.

चहा_बिनसाखरेचा
इतकं बोलताय तर 'बळीचा बकरा'ही घ्या. बेसबॉलवाल्यांनी पीट रोझचं काय केलं? 4,256 हिट, आजवर सर्वांत जास्त, आणि सट्ट्यापायी 1989 मध्ये कायमचा बाहेर. आता तेच लोक मैदानावर सट्टा कंपन्यांच्या जाहिराती लावतात. बळीचा बकराच तो!

ओसरीवर
ढोंग आहे म्हणा, ते मान्य. पण ढोंग्याने शिक्षा केली म्हणून आरोपी बकरा होत नाही. रोझ सिनसिनाटी रेड्सचा व्यवस्थापक असताना रेड्सच्याच सामन्यांवर पैसे लावत होता आणि नाही-नाही म्हणत 2004 मध्ये त्याने ते कबूल केलं. ज्याच्या माथी दुसऱ्याचं पाप मारलं जातं तो बळीचा बकरा. याचं स्वतःचंच होतं.

अष्टागरी
आणि मजा बघा, तो बकराही दारफाळणीच्या सणाचाच. बायबलच्या जुन्या करारात, लेवीयमध्ये, त्या दिवशी दोन बोकड आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एक कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या लोकांची पापं त्याच्यावर घालायची आणि त्याला जिवंत रानात सोडून द्यायचं. पापं वाहून नेतो तो दुसरा. म्हणजे आपण ज्याला 'बळीचा' म्हणतो त्याचा बळी गेलेलाच नसतो!

मिशिगनी
मग खरा बकरा बिल बकनर. 1986, बोस्टन रेड सॉक्स विरुद्ध मेट्स, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, दहावा डाव. साधा घरंगळत आलेला चेंडू त्याच्या पायांमधून गेला. पण तो जाण्याआधीच बरोबरी झाली होती, ती बोस्टनच्या पिचरच्या भरकटलेल्या चेंडूवर. शिवाय सातवा सामना शिल्लक होता आणि तोही बोस्टनने गमावला. तरी वर्षानुवर्षं शिव्या, धमक्या एकट्या बकनरला. आणि अष्टागरींच्या बोकडासारखा तोही जिवंतच रानात सोडलेला. 2008 च्या एप्रिलमध्ये बोस्टनने त्याला मानाचा पहिला चेंडू टाकायला बोलावलं, सगळं मैदान उभं राहिलं.

शूलेस जो जॅक्सन मधला. 1919 मध्ये पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज विकल्याचा ठपका, न्यायालयाने 1921 मध्ये निर्दोष सोडलं, तरी बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी कायमचं हाकललं. त्याच मालिकेत त्याची सरासरी 0.375. पण पाच हजार डॉलर घेतल्याचं त्याने ग्रँड ज्युरीसमोर सांगितलं होतं. यावर माझे आणि शेजाऱ्याचे अजून एकमत नाही.

चहा_बिनसाखरेचा
बरं, बकरा मागे घेतो. पण मग रोझच्या पुढच्या बातमीला शब्द द्या. 13 मे 2025 ला आयुक्त मॅनफ्रेडने रोझ, जॅक्सन वगैरे मेलेल्यांची नावं कायमच्या बंदीच्या यादीतून काढली. रोझ सप्टेंबर 2024 मध्ये गेला. बंदी 'उठवली' म्हणायचं की 'संपली'?

उंटावरचा शहाणा
संपली. उठवतात ती जिवंत माणसावरची. आयुक्तांचं म्हणणंच असं की माणूस गेला की बंदीही गेली, त्यात 'माफ केलं' कुठेच नाही. मराठी मथळ्यांत 'रोझला माफी' असं दिसलं तर खुशाल खोडा. 'वाळीतून काढलं'ही नको. वाळीत टाकणारं गाव असतं, आपल्याकडे तर त्याविरुद्ध 2016 चा कायदा आहे. इथे सट्टा न लावण्याचा नियम होता, भिंतीवर टांगलेला, प्रत्येक खेळाडूला रोज दिसणारा. हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात) घ्यायचं की नाही ते त्यांची समिती 2027 च्या डिसेंबरात बघेल, त्याला काय म्हणायचं ते तेव्हा ठरवू.

मिशिगनी
मंडळी, संपादकांना आज मजकूर जातोय. असं लिहिलंय:

"फलंदाज बंट करतो, स्वतः मरून गड्याला दुसऱ्या बेसवर काढतो." पुढे 'झेलावरची धाव'. कोफॅक्सच्या भागात "त्याने दारफाळणीचा सण पाळला." तक्त्यात मात्र जागा नाही, तिथे नुसतं 'बंट' आणि 'झेल-धाव'. 'त्याग' कुठेच नाही.

ओसरीवर
'स्वतः' गाळा. मरणारा स्वतःच मरतो.

खानदेशी_झणका
आणि हूल देणाऱ्या पिचरला काय लिहिलंत? हात फिरवल्यासारखा करतो आणि टाकत नाही तो. पंच सगळ्या गड्यांना एकेक बेस फुकट देतात बघा.

मिशिगनी
तिथे 'बॉक' असंच ठेवलं होतं. 'हूल' लावतो. अजून अर्धा तास आहे.