व्हेंटिलेटर नाकारणं म्हणजे जीव घेणं का?

प्रश्न: आईला मोटर न्यूरॉन आजार आहे, स्नायू हळूहळू निकामी होत चाललेत. बोलणं गेलंय, पापण्यांनी हो-नाही सांगते. अक्षरांच्या पाटीवर तिने ‘नळी नको’ असं जुळवलं. मामा म्हणतात, हे पाप आहे. मला तिचा शब्द मोडवत नाही. कायदा काय म्हणतो?

उत्तर १: विष देऊन जीव संपवणं आणि उपचार नाकारणं यात मोठा फरक आहे. पहिलं नेदरलँड्समध्ये २००२पासून कायदेशीर आहे, भारतात गुन्हाच. दुसरं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मान्य केलं. २०२३पासून तसं इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरीकडे साक्षांकित करता येतं. पापण्या साथ देताहेत तोवर करून घ्या!

उत्तर २: धर्मही एकमुखी नाही. असाधारण उपचारांची सक्ती नाही, असं पोप बारावे पायस १९५७मध्येच म्हणाले होते. जैनांची सल्लेखना, म्हणजे उपवासाने मृत्यू स्वीकारण्याचं व्रत, राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५मध्ये गुन्हा ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली.

उत्तर ३: मी परिचारिका आहे. यंत्र नको म्हणजे उपचारच नकोत, असं नव्हे. धाप लागली की मॉर्फिनच्या लहान मात्रेने घुसमट कमी होते. डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवा.

प्रश्नकर्ती: विचारते. मामांसमोरच आईला पुन्हा विचारणार आहे, त्यांनी तिच्याकडूनच ऐकावं.