घरचं नेट आणि फोनवरचा आवाज: पॅकेज कसं निवडलंत? अनुभव लिहा

मुलं बंगळूरला किंवा परदेशी, आई-वडील गावी, आणि बोलणं सगळं नेटवरून: व्हॉट्सअॅप, मीट, वाय-फाय कॉलिंग (मोबाईलचा साधा फोन टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून), नाहीतर फायबरसोबत आलेला लँडलाइन. कनेक्शन घ्यायला गेलं की मात्र पुढे एकच आकडा येतो, इतके एमबीपीएस, म्हणजे नेटचा वेग. नुसत्या बोलण्याला तेवढं लागतच नाही. लँडलाइनच्या दर्जाचा आवाज जी.७११ पद्धतीनं पाठवला तरी एका दिशेला ९० केबीपीएसच्या आसपास लागतात (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस), व्हॉट्सअॅपचं त्याहून कमीत भागतं. तासभर बोललात तरी शंभर एमबीच्या आत. त्यामुळे ४० एमबीपीएसवर आवाज तुटत असेल तर ३००चा प्लॅन घेतल्यानं तो जुळेलच असं नाही. मग बघायचं काय?

तुमचं ठिकाण, कनेक्शन फायबरचं, केबलचं की हवेतलं (वायरीशिवाय, टॉवरवरून), त्रास काय झाला आणि कशानं गेला, एवढं जरूर लिहा. कंपनीचं नाव नको. एकच कंपनी एका गल्लीत उत्तम चालते आणि पुढच्या गल्लीत रडवते.

कोथरूड, पुणे

मी घरून ग्राहकांचे फोन घेते, दिवसभर हेडफोन कानाला. आधी केबलवरचं कनेक्शन होतं, डाउनलोड १०० आणि अपलोड १०. चाचणीत आकडे पूर्ण यायचे, तरी समोरचा म्हणायचा, "मॅडम, आवाज कट होतोय." मला मात्र त्याचं स्वच्छ ऐकू यायचं. म्हणजे येणारी बाजू ठीक, दुखणं जाणाऱ्या बाजूला. घरात कुणाचा फोन फोटो क्लाउडवर टाकायला लागला की माझ्या आवाजाची पॅकेटं, म्हणजे नेटवरून जाणारे त्याचे तुकडे, राउटरच्या रांगेत मागे. लाइन रिकामी असताना पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) १५ मिलिसेकंद, अपलोड चालू असताना चारशेच्या पुढे. आवाजाला एका बाजूनं १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. त्याच्या फार पुढे गेलं की दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम थांबतात.

फायबर घेतलं, वेग आधीपेक्षा कमीच, पण अपलोड आणि डाउनलोड सारखं. शिवाय राउटरच्या क्यूओएस (कुठल्या कामाला किती वेग ते ठरवणाऱ्या) सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवली, म्हणजे रांग साचतच नाही. माझ्या मते विकायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न अपलोडचा विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं. दुसरं म्हणजे चाचणी रिकाम्या लाइनवर करू नका. घरातले सगळे नेट वापरत असताना, रात्री नऊच्या सुमाराला करा.

लांजा तालुका, रत्नागिरी

आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. फोन करायचा तर सड्यावर जावं लागायचं, पावसात तेही नको. फायबर आलं आणि त्यासोबत वाय-फाय कॉलिंगची सोय कळली. भारतात मोठ्या मोबाईल कंपन्यांनी ती २०१९च्या अखेरीस आणि २०२०च्या सुरुवातीला आणली. वेगळं अॅप नाही, वेगळे पैसे नाहीत, फोनच्या सेटिंगमध्ये एकदा चालू करायचं. आता आईच्या नेहमीच्या नंबरावर साधा फोन लागतो, बँकेचा ओटीपीसुद्धा येतो. ज्यांच्या घरी रेंज नाही त्यांनी पॅकेजच्या आधी हँडसेट आणि सिम या सोयीला चालतात का ते बघा. सर्वांत स्वस्त प्लॅन पुरतो.

आमचा त्रास वेगळाच होता. घर जांभ्याचं, भिंती जाड. राउटर ओटीवर, आई माजघरात. दोन भिंती ओलांडून आवाज फाटायचा आणि दोष लाइनला जायचा. लाइनमननं ओएनटीवरचा (घरात फायबर जिथं जोडतात त्या पेटीवरचा) प्रकाश मोजला, उणे २१ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप), म्हणजे फायबर ठणठणीत. (उणे २७ च्या खाली गेलं की काळजी.) शेवटी माजघरापर्यंत लॅनची वायर ओढून तिथं दुसरा वाय-फाय लावला आणि प्रश्न मिटला. जास्त वेगाच्या प्लॅनचे वर्षाचे पैसे वायरीवर एकदाच घाला, असं मी सगळ्यांना सांगतो.

पावसाळ्यात फांदी पडली की फायबर तुटतं. ओएनटीवर एलओएसचा (फायबरमधून प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागला तर राउटर बंद-चालू करत बसू नका, सरळ लाइनमनला फोन. आमच्याकडे तो शेजारच्या वाडीतला आहे आणि त्याच दिवशी येतो. गावात कनेक्शन घेताना मी प्लॅनच्या आधी हेच विचारीन की लाइन जोडायला कोण येतं आणि कुठून येतं.

नांदेड

वरच्या भावाशी सहमत, पण लाईटचं कोणी बोललं नाही. जुन्या तांब्याच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा, लाईट गेली तरी फोन चालू. फायबरचा फोन ओएनटीच्या मागच्या पोर्टमध्ये असतो आणि ओएनटी घरच्या विजेवर. वीज गेली की फोन मुका. बाबा हृदयाचे रुग्ण आहेत, आमच्यासाठी ही गंभीर गोष्ट. ओएनटी आणि राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेतला. घेताना तुमच्या अॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर काय छापलंय ते जुळवून घ्या. आणि १०८ साठी साधं मोबाईल सिम चालू ठेवाच.

नाशिक रोड

आमच्या सोसायटीत फायबर ओढू देत नव्हते म्हणून ५जी वरचं हवेतलं कनेक्शन घेतलं. सकाळी सुरेख. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की वेग शंभराच्या वर दिसतो, पण पिंग ३० वरून १५० आणि परत ३०, असं उड्या मारतं. सिनेमा पाहताना कळतही नाही, कारण तो पुढचा भाग भरून ठेवतो. बोलणं आत्ताचं असतं, त्याला ती सवलत नाही. उशीर एकसारखा असला तर कान जुळवून घेतात, तो सारखा बदलला की शब्दच गळतात. यालाच जिटर म्हणतात, आणि कुठल्याही जाहिरातीत हा आकडा नसतो. सोसायटीची परवानगी मिळाली त्या महिन्यात फायबर घेतलं.

म्हापसा

थोडक्यात सांगते. फोनसाठी ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वापरा. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या इमारतीत ते सगळे भरलेले.

ठाणे, दवाखाना

दवाखान्यात नेटवरचे टेबलफोन आहेत. रुग्णाचा आवाज यायचा नाही, आमचा त्याला जायचा. कारण वेगात नव्हतंच. राउटरमधलं एसआयपी एएलजी नावाचं, नेटवरच्या फोनच्या पॅकेटांत फेरफार करणारं सेटिंग बंद केल्यावर दोन्ही बाजूंनी ऐकू आलं. असे फोन लावायचे असतील तर पॅकेज घेतानाच स्वतंत्र पब्लिक आयपी (नेटवरचा फक्त तुमचा पत्ता) मिळतो का ते विचारा.

दुबई

इथं व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही, मग पॅकेज कितीही महागडं घ्या. बोटिमसारख्या परवानगी असलेल्या अॅपवरून बोलावं लागतं. सांगलीला आईच्या फोनमध्ये ते मीच सुट्टीत टाकून आलो, तिला चित्र दाबून फोन लावायला शिकवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा इथलं आणि भारतातलं नेट मंदावलं होतं. अशा दिवसांत आपलं पॅकेज बदलायला धावू नका.

एडिसन, न्यू जर्सी

आमच्याकडे घरचा फोन बरीच वर्षं नेटवरच आहे. पुण्याला पिंग दोनशेच्या वरच राहतं, प्रकाशाला समुद्राखालून तेवढा वेळ लागतोच, कुठल्याही प्लॅननं तो कमी होत नाही. बाबांना मी सांगितलंय की माझं वाक्य संपल्यावर क्षणभर थांबा. इथल्यांसाठी एक महत्त्वाचं: २००५ पासून इथे नेटवरच्या फोन कंपन्यांना ९११ची (तातडीच्या मदतीच्या नंबराची) सोय द्यावीच लागते, पण रुग्णवाहिका नोंदवलेल्या पत्त्यावर येते. घर बदललंत तर कंपनीच्या खात्यात पत्ता त्याच दिवशी बदला.